पाच आणि सातच्या मध्ये

भाडं पाच तारखेला, पगार सातला.
फट एवढीशीच होती,
चोवीस नंबरची सुई जाईल एवढी.
तिच्यातून मी आत गेलो.

रात्री पावणेबाराला, गाडीतळाच्या स्टॉपवर,
शेवटची बस गेली की यायचीय, या विचारात
अंगठ्यानं आठ हजार मागितले.
बस यायच्या आधी सहा हजार नऊशे आले.
मधले कुठे गेले ते बारीक अक्षरात होतं.
दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावणारा मी,
तेवढं वाचलं नाही.

मग पहिल्याचं फेडायला दुसरं,
दुसऱ्याचं फेडायला तिसरं ॲप.
आणखी दोघांनी नाही म्हटलं.
म्हटलं, नाही तर नाही,
विचारायला काय जातं?

जातं.
हे कळायला चार वर्षं लागली,
गुजर मॅडमच्या टेबलासमोर,
फुरसुंगीच्या वन बीएचकेची फाईल मांडीवर घेऊन.
त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला.
माझा रिपोर्ट.
रोज दीडशे लोकांचे रिपोर्ट मी छापतो:
आकडा, शेजारी नॉर्मल रेंज,
रेंजबाहेरचा ठळक.
लोक पाकीट उघडतात तेव्हा मी दुसरीकडे बघतो.
मॅडमही पाण्याच्या बाटलीकडे बघत होत्या.

सहाशे अकरा.

खाली सगळं होतं, तारखेसकट.
कुणाकुणाच्या दारात गेलो,
कुठला हप्ता एकोणीस दिवस उशिरा.
आणि तिसऱ्या कर्जापुढे एकच शब्द, सेटल्ड.

वाटलं, हे तरी बरं लिहिलंय.
आमच्याकडे हा शब्द लग्नाच्या बैठकीत येतो.
मुलगा सेटल आहे, असं कुणी म्हणतं
आणि पोह्यांची दुसरी बशी येते.
मॅडम म्हणाल्या, म्हणजे पूर्ण फेडलं नाहीत.
तडजोड केलीत.
मग आठवला फोनवरचा तो मुलगा,
आवाज माझ्याइतकाच दमलेला:
सर, पाच हजार टाका, विषय संपवू.
मी टाकले.
विषय संपला म्हणून त्या रात्री नऊ तास झोपलो.

शेवंतामावशींच्या मेसमध्ये
उधारी कॅलेंडरवर असायची,
ताटागणिक पेन्सिलीची एक रेघ.
पैसे दिले की मावशी त्या महिन्याचं पान टर्रकन फाडायच्या
आणि त्यातच शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या.
एक अख्खा मार्च मी असा
बोटं चाटून संपवलाय.
या यंत्राला पान फाडता येत नाही.

मॅडमनी उपाय सांगितला, पथ्य सांगावं तसा.
राहिलेले भरा, बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या.
एफडीवर एक छोटं कार्ड काढा, थोडंच वापरा,
तारीख चुकवू नका.
आणि वर्षभर कुणाकडे
काही म्हणजे काही मागू नका.

घरी हर्षलानं विचारलं, किती आला?
सहाशे अकरा.
कितीपैकी?
नऊशे.
तिनं मनात हिशेब केला.
अरे, म्हणजे फर्स्ट क्लास!
मग माझं तोंड बघून
कुकरकडे वळली,
शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला.

या महिन्याच्या चार तारखेला
खाली जाऊन तुपेकाकांचं दार वाजवलं.
काका, भाडं आठला दिलं तर चालेल का?
म्हणजे दर महिन्याला.
पगार सातला होतो.
ते पेपर पसरून डाळिंब सोलत होते.
मान वर न करता म्हणाले, चालेल की, त्यात काय.
चार दाणे माझ्या हातावर ठेवले.
मी जिन्यापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला:

पाच वर्षं राहतोयस वर.
विचारायचंस ना.